तो परत आला. पण गाणे उदास का?

मंगळवार, ८ जानेवारी २०१३. लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजले होते. जानेवारीतली तिथली पहाट म्हणजे दुलईत पुन्हा एकदा तोंड खुपसावे अशी. अशा अवेळी, कसलीही दवंडी न पिटता, कुठेही एका ओळीची जाहिरात न देता, एक नवे गाणे इंटरनेटवर येऊन बसले. गाणाऱ्याचे नाव डेव्हिड बोवी. त्या दिवशी त्याला सहासष्ट वर्षे पुरी होत होती, आणि जवळजवळ दहा वर्षे त्याने एकही नवी तबकडी काढलेली नव्हती.

वाढदिवसाला माणूस भेटी घेतो. ह्याने उलट दिली! पण दिली ती कसली? लोकांना आठवत होता तो विजेसारखा सळसळणारा, दर दोन-चार वर्षांनी नवे रूप घेऊन येणारा नट-गायक. आणि ऐकू आला तो एक थकलेला, किंचित कापणारा आवाज. संथ पियानो, बेताचा ठेका आणि बर्लिन शहरातल्या जुन्या जागांची नावे. गाण्याचे नाव होते 'व्हेअर आर वुई नाऊ?', म्हणजे आपण आता आहोत तरी कुठे?

दहा वर्षांनी घरी आलेल्या माणसाने उंबरठ्यावरच असा प्रश्न विचारावा, तेव्हा घरच्यांनी काय करायचे? हसायचे की रडायचे? बोवीच्या जगभरच्या चाहत्यांनी दोन्ही केले. ह्या एका गाण्याने त्यांची जी गोड तारांबळ उडवली, तिची ही हकिकत.

हा बोवी कोण?

आपल्याकडे लाडक्या गायकाला लोक बेधडक एकेरीत बोलावतात. त्याच नात्याने इथेही आपण बोवीला 'तो'च म्हणू. ज्यांच्या घरात रॉक संगीताचा, म्हणजे विजेच्या गिटारी आणि दणदणीत ढोलांच्या त्या गाण्याचा फारसा वावर नाही, त्यांच्यासाठी त्याची थोडी ओळख करून द्यायला हवी.

८ जानेवारी १९४७ रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन भागात तो जन्मला. खरे नाव डेव्हिड जोन्स. पण त्याच नावाचा दुसरा एक गायक आधीच गाजत होता. तेव्हा ह्याने एका प्रसिद्ध अमेरिकन सुऱ्याचे नाव आडनाव म्हणून घेतले! जुलै १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला त्याच महिन्यात, अंतराळात हरवलेल्या एका अंतराळवीराचे त्याचे गाणे आले आणि लोकांनी त्याचे नाव लक्षात ठेवले.

खरा गहजब झाला तो १९७२ साली. 'झिगी स्टारडस्ट' नावाचे, परग्रहाशी नाते सांगणारे एक पात्र त्याने स्वतःसाठी घडवले. केस भडक केशरी, चेहऱ्याला रंग, अंगात धड पुरुषाचे नाहीत आणि धड बाईचे नाहीत असे कपडे. पुरुषाने शालू नेसून रंगभूमीवर यावे आणि अख्ख्या महाराष्ट्राने मान डोलवावी, हे बालगंधर्वांमुळे ज्या घरांनी पाहिले, त्या घरांना ह्याचे तितकेसे नवल वाटणार नाही. पण इंग्लंडातल्या बापलोकांच्या कपाळांना चांगल्याच आठ्या पडल्या.

६ जुलै १९७२ रोजी तो बी. बी. सी.च्या दूरदर्शन कार्यक्रमात गायला. गाता गाता त्याने सोबतच्या गिटारवादकाच्या खांद्यावर हात टाकला आणि एका क्षणी कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट पाहणाऱ्याकडे बोट दाखवले. एवढेच! पण त्या पिढीतले कितीतरी जण पुढे आयुष्यभर सांगत राहिले की ते बोट माझ्याकडे होते. शाळेत एकटे पडलेले, घरात कुणाला न उमगलेले, आपण इतरांहून वेगळे आहोत ह्याची लाज वाटणारे. अशा सगळ्यांना त्या बोटाने जणू नावानिशी हाक मारली.

पुढच्याच वर्षी, ३ जुलै १९७३ रोजी, लंडनमधल्या एका भरगच्च प्रयोगात त्याने जाहीर करून टाकले की हा आपला शेवटचा प्रयोग. पोरेपोरी ओक्साबोक्शी रडली. मग कळले की निरोप बोवीने घेतलेला नव्हता. त्याने घेववला होता तो झिगीकडून. आपणच वाढवलेले लोकप्रिय पात्र भर बहरात मोडून टाकायचे आणि नव्या वेषात पुन्हा उभे राहायचे, ही त्याची रीतच झाली. म्हणजे त्याच्या चाहत्यांना ताटातुटीची सवय फार जुनी होती.

भिंतीजवळचे घर

आता त्या गाण्यात बर्लिन का आले, ते पाहू.

१९७५ च्या सुमारास बोवी अमेरिकेत लॉस एंजेलिसला राहत होता. कीर्ती होती, पैसा होता आणि सोबत कोकेनचे जबर व्यसनही होते. शरीराची काडी झाली, मन ठिकाणावर राहीना. तेव्हा १९७६ साली तो उठला आणि पश्चिम बर्लिनला गेला. शोनेबेर्ग भागात, हाउप्टस्ट्रासे १५५ ह्या पत्त्यावर, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर त्याने बिऱ्हाड केले. सोबतीला त्याचा गायक मित्र इगी पॉप. सायकलीवरून हिंडावे, संग्रहालये पाहावीत, कॉफी पीत बसावे. बर्लिनकरांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही, आणि त्याला नेमके तेच हवे होते.

त्या वेळचे पश्चिम बर्लिन म्हणजे चहूबाजूंनी भिंतीने वेढलेले बेट. १९६१ साली उभारलेली ती भिंत शहराचे दोन तुकडे करून उभी होती. बोवी ज्या 'हान्सा' ध्वनिमुद्रण गृहात काम करी, त्याच्या खिडकीतून ती दिसे. एके दिवशी त्याच खिडकीतून त्याने पाहिले की भिंतीजवळ एक जोडपे चुंबन घेत आहे. त्यातून 'हीरोज' हे त्याचे अतिशय गाजलेले गाणे जन्मले. १९७७ सालची ही गोष्ट. ते जोडपे कोण, हे त्याने कित्येक वर्षे सांगितले नाही. कारण त्यातला पुरुष होता त्याचा स्वतःचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी, सोबत होती एक गायिका, आणि व्हिस्कॉन्टी तेव्हा विवाहित होता! मित्राचा संसार सांभाळायला बोवीने तोंड बंद ठेवले.

पुढे ६ जून १९८७ रोजी तो बर्लिनला परत आला आणि भिंतीला लागूनच असलेल्या राइशस्टागच्या इमारतीसमोर गायला. काही ध्वनिक्षेपक मुद्दाम पूर्वेकडे तोंड करून लावलेले होते. पलीकडे पूर्व बर्लिनमधली तरुण मुले ऐकायला जमली. त्यांची तिथल्या पोलिसांशी झटापटही झाली. गाणारा एका राज्यात आणि ऐकणारे दुसऱ्या राज्यात, मध्ये भिंत, असा तो प्रसंग. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री त्या भिंतीची फाटके उघडली. पहिले फाटक उघडले ते बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या पुलाचे. हजारो माणसे रडत-हसत त्या पुलावरून पलीकडे गेली.

२०१३ च्या गाण्यात हा पूल आहे. काडेवे हे बर्लिनचे मोठे दुकान आहे. पोट्सडामर प्लाट्झ हा चौक आहे. 'जुंगल' नावाचा, रात्री नाचगाण्याला जाण्याचा एक अड्डाही आहे. गंमत अशी की तो शब्द मुळात आपल्याकडचाच 'जंगल'. इंग्रजांनी इकडून नेला आणि जर्मनांनी इंग्रजांकडून घेतला.

दहा वर्षांचे मौन

पण ह्या बर्लिनच्या आठवणी त्याला इतक्या उशिरा, आणि इतक्या खिन्न सुरात का याव्यात? त्यासाठी जून २००४ कडे जावे लागेल.

तेव्हा तो जगाच्या दौऱ्यावर होता. प्राग शहरात गाताना छातीत कळ आली आणि कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. दोन दिवसांनी जर्मनीत तो पुन्हा उभा राहिला, कार्यक्रम पुरा केला आणि रंगमंचामागे जाऊन कोसळला. हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली निघाली. हॅम्बुर्गला तातडीने उपचार झाले, दौऱ्याचा उरलेला भाग रद्द झाला. त्यानंतर तो एखाददुसऱ्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून दिसला. २००६ नंतर लोकांपुढे गायलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये बायको आणि लहान मुलगी ह्यांच्यासोबत तो राहू लागला. मुलाखत नाही, फोटो क्वचित, नव्या गाण्याचे तर नावच नको.

मौन लांबले की अफवांना पाय फुटतात. तो फार आजारी आहे, तो आता गाऊ शकत नाही, असे लोक बोलू लागले. 'डेव्हिड बोवी मरतोय का?' अशा नावाचे गाणेच २०११ साली एका अमेरिकन वाद्यवृंदाने काढले! २०१२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने जाहीर केले की आम्ही बोवीच्या पोशाखांचे आणि हस्तलिखितांचे मोठे प्रदर्शन भरवणार आहोत. चाहत्यांना आनंद झाला खरा, पण मनात चुकचुकलेही. ज्याचे कपडे काचेच्या कपाटात जाऊन बसले, तो माणूस आता कुठला परत यायला!

आणि इकडे काय चालले होते? मे २०११ पासून न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा ध्वनिमुद्रण गृहात बोवी गुपचूप गात होता. सोबत तोच जुना व्हिस्कॉन्टी. वादकांकडून गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतलेल्या. जवळजवळ दोन वर्षे हे काम चालले, पण बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. आपल्या एखाद्या चाळीत दोन माणसांचे गुपित दोन दिवस टिकत नाही. इथे एवढ्या मोठ्या गायकाचा अख्खा गाण्यांचा संच तयार झाला, तरी त्याचे शहर झोपलेलेच!

म्हणून ८ जानेवारीची ती पहाट एवढी मोठी ठरली.

कुणी रडले, कुणी रुसले

पहिली लाट निव्वळ आनंदाची होती. तो आहे! तो गातो आहे! लोक एकमेकांना उठवून सांगू लागले. वृत्तनिवेदकांनी बातम्यांत त्याला जागा दिली. गाणे चांगले की वाईट, हा विचार त्या पहिल्या तासात फारसा कुणी केला नसावा. हरवलेल्या माणसाचे पत्र आले की आधी अक्षर ओळखून डोळे भरतात. मजकूर मागाहून वाचला जातो.

मजकूर वाचल्यावर मात्र मतभेद सुरू झाले. काहींनी नाक मुरडले. इतकी वर्षे थांबवले ते ह्यासाठी? हा आवाज किती बारीक, किती थकलेला! आमचा बोवी असा नव्हता. दुसऱ्या बाजूला, ज्यांना तो आवाजच लागला होता, ते म्हणाले की थकवा हेच ह्या गाण्याचे सौंदर्य आहे. तरुण गळ्याने हे गाणे म्हटले असते तर ते बर्लिनच्या सहलीचे वर्णन झाले असते.

हा वाद आपल्याला परका नाही. बालगंधर्वांच्या उतारवयातल्या गाण्याला जाऊन आलेल्या माणसांत असेच दोन तट असत. एकाला जुना आवाज गेला ह्याचे दुःख. दुसरा म्हणे, आवाज जाऊ द्या हो, ती एक जागा घेतली तिथे सगळे मिळाले! दोघेही खरेच बोलत होते. एक कानाने ऐकत होता आणि दुसरा आठवणीने.

ह्या दोघांखेरीज एक तिसरा वर्ग होता, हेरगिरी करणाऱ्यांचा. गाण्यासोबत टोनी ऑअर्सलर ह्या कलावंताने केलेली चित्रफीत होती. एका अडगळीच्या कलागृहात जोडबाहुली बसलेली. तिच्या एका कापडी तोंडावर बोवीचा सुरकुतलेला चेहरा, दुसऱ्यावर एका मुक्या बाईचा, आणि मागे जुन्या बर्लिनची करडी दृश्ये. ही बाई कोण, ह्यावर तर्कांचा पाऊस पडला. ती होती दिग्दर्शकाची चित्रकार पत्नी. चित्रफितीत एका ठिकाणी बोवी स्वतः उभा दिसतो. त्याच्या सदऱ्यावर 'साँग ऑफ नॉर्वे' अशी अक्षरे आहेत. झाले! जाणत्या चाहत्यांनी धागा पकडला. हे एका जुन्या चित्रपटाचे नाव. १९६९ साली बोवीची एक नर्तिका प्रेयसी त्याला सोडून गेली होती, ती ह्याच चित्रपटात काम करायला! चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची जखम आणि ती सदऱ्यावर छापून हा वाढदिवसाला उभा. बर्लिनच्या गाण्यात ही लंडनची गोष्ट कशाला, ह्याचे उत्तर त्याने कधी दिले नाही.

दुसरा धागा ह्याहून बोलका होता. गाण्यात पोट्सडामर प्लाट्झहून गाडी पकडण्याचा उल्लेख आहे. बर्लिनकरांनी लगेच ओळखले की बोवी तिथे राहत होता तेव्हा हे शक्यच नव्हते. तो चौक भिंतीच्या पट्ट्यात सापडलेला, उजाड झालेला. तिथले भुयारी स्थानक १९६१ पासून बंद. गाड्या त्या अंधाऱ्या फलाटावरून न थांबता निघून जात. अशा स्थानकांना जर्मन लोक भुताची स्थानके म्हणत. हे स्थानक पुन्हा उघडले ते १९९२ साली.

म्हणजे गाण्यातला माणूस आजच्या बर्लिनमध्ये गाडीत बसतो आणि उतरतो तो पस्तीस वर्षांमागच्या बर्लिनमध्ये. पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस आपल्या जुन्या पेठेतून चालताना हेच करत असतो. समोर सहा मजली इमारत असते, आणि हा सोबतच्या नातवाला सांगत असतो की इथे आपली विहीर, इथे पारिजातक. नातवाला दोन्ही दिसत नाहीत. आजोबांना मात्र इमारतच दिसत नसते.

तो आजारी आहे काय?

आनंद, रुसवा आणि हेरगिरी ह्यांच्या तळाशी एक काळजी होती. हा आवाज असा का? हा निरोप तर नव्हे? इतके उदास गाणे माणूस केव्हा लिहितो?

व्हिस्कॉन्टीने मुलाखती देऊन ही काळजी दूर करण्याचा प्रयत्न केला. त्याने सांगितले की बोवीची प्रकृती चांगली आहे आणि हे असे अंतर्मुख गाणे त्या संचात एवढे एकच आहे. त्याला स्वतःलाही आधी वाटले होते की पुनरागमन धडाक्यात व्हावे, हे संथ गाणे आधी कशाला? मग पटले की भूतकाळाला भविष्याशी जोडायला हेच योग्य. स्वतः बोवी मात्र एका वार्ताहराशी एक शब्द बोलला नाही. प्रश्न त्याने विचारून ठेवला होता. उत्तर ज्याचे त्याने शोधावे.

फेब्रुवारीत दुसरे गाणे आले. ते जलद, खट्याळ, अंगात वारे भरलेले! मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' हा संपूर्ण संच आला आणि पाहतात तो त्यात गिटारींचा दणदणाट, राग, थट्टा, खून, युद्ध, सगळे काही. इंग्लंडात तो पहिल्या क्रमांकावर गेला. बोवीला हा मान वीस वर्षांनी मिळत होता. उदास गाण्यानेही तिथे सहावा क्रमांक गाठला होता. १९८६ नंतर त्याचे कुठलेही गाणे इतके वर गेले नव्हते. संचाच्या वेष्टनावर तर त्याने कमालच केली. १९७७ च्या 'हीरोज'चे जुने, लोकांच्या काळजातले छायाचित्र घेतले, त्यावरचे जुने नाव रेघ मारून खोडले आणि ऐन चेहऱ्यावर एक पांढरा चौकोन डकवला! काही चाहत्यांना हा अपमान वाटला. काहींनी स्वतःच्या फोटोंवर तसेच पांढरे चौकोन लावून मजा केली. अर्थ मात्र लख्ख होता. जुना चेहरा बघायला आला असाल तर तो मी झाकला आहे.

ठेव आणि व्याज

मग लोक रडले ते कुणासाठी? गाणारा तर धडधाकट होता, कामात बुडालेला होता, मजेत होता.

थोडा हिशेब मांडून पाहू. १९७२ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा २०१३ च्या त्या सकाळी पंचावन्न-छप्पन वर्षांचा होता. मधल्या काळात नोकरी झाली, लग्न झाले, कदाचित मोडले. आईवडील गेले, मुले घराबाहेर पडली. केशरी केसांचे दिवस पेटीत तळाशी गेले. पण एक विश्वास होता की तिकडे कुठेतरी तो आहे, आणि तो आहे तसाच आहे. आपण आपले पंधरावे वर्ष त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवले होते. बँकेत ठेवलेल्या दागिन्यांची जशी रोज आठवण होत नाही, पण ते आहेत ह्या जाणिवेवर झोप लागते, तसेच हे.

८ जानेवारीला ती ठेव परत आली. चाळीस वर्षांच्या व्याजासकट. त्याचा आवाज कापला तेव्हा ऐकणाऱ्याला कळले की आपलाही कापतो. त्याच्या गालावरची सुरकुती पाहताना हात नकळत आपल्या गालावर गेला. 'हा म्हातारा झाला' हे वाक्य मनात उमटले आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य आले, ते सांगायला नकोच.

ह्यापेक्षा सोपी वाट त्याला मोकळी होती. रोलिंग स्टोन्स ह्या जुन्या वाद्यवृंदाने नोव्हेंबर-डिसेंबर २०१२ मध्येच आपल्या पन्नाशीचे कार्यक्रम केले होते. सत्तरीला टेकलेले गडी तीच जुनी गाणी त्याच जोमाने गायले आणि लोक तृप्त होऊन घरी गेले. त्यात वावगे काही नाही; पन्नास वर्षे उमेद टिकवणे ही थोडी गोष्ट नव्हे. पण बोवीने चाहत्यांना पुन्हा पंधरा वर्षांचे करून दिले नाही. उलट शेजारी बसून विचारले की बाबांनो, किती वाजले? आणि त्या गाण्याच्या अखेरीस, ढोलाचा ठेका हळूहळू चढत जातो तेव्हा, तो रडगाणे गात नाही. जग अजून जागेवर आहे, जवळचे माणूस जवळ आहे, तेवढे पुरे, असा धीर देऊन थांबतो. रडलेल्या माणसांना बरे वाटले ते बहुधा ह्याच धिरामुळे.

खरा निरोप

ह्या हकिकतीचा शेवट तीन वर्षांनंतरचा आहे.

८ जानेवारी २०१६ रोजी, एकोणसत्तराव्या वाढदिवशी, बोवीचा 'ब्लॅकस्टार' हा नवा संच आला. नवे वादक, जॅझची विलक्षण वळणे, धाडसी रचना. चाहते खूश! दोन दिवस त्यांनी कौतुकाचा वर्षाव केला. १० जानेवारीला बोवी गेला. यकृताचा कर्करोग होता. दीड वर्ष त्याच्याशी झुंजत त्याने हे काम पुरे केले होते, आणि हेही गुपित बाहेर फुटू दिले नव्हते. मग लोकांनी तीच गाणी पुन्हा ऐकली आणि दोन दिवस आपण काय ऐकत होतो हे त्यांना उमगले.

कसे पाहा! २०१३ साली निरोप नव्हता, तेव्हा तो सर्वांना ऐकू आला. २०१६ साली निरोप होता, तर ऐकू आला नाही. चाहता गाणे ऐकतो म्हणजे पुष्कळदा स्वतःलाच ऐकतो, ह्याहून वेगळा पुरावा नको.

हाउप्टस्ट्रासे १५५ च्या दारापुढे त्या दिवसांत फुलांचा आणि मेणबत्त्यांचा ढीग लागला. भिंत पाडायला मदत केल्याबद्दल जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने त्याचे आभार मानले. ऑगस्ट २०१६ मध्ये त्या घरावर स्मृतिफलक बसला. एके काळी ज्या रस्त्यावर कुणी त्याच्याकडे वळून पाहत नसे, तिथे आता माणसे थांबून वाचतात.

दिवाळीत आपल्या घरी चार माणसे जमतात. फराळ होतो, आणि मग कुणीतरी म्हणते, मावशी, तुम्ही पूर्वी गायचा ना? मावशी हात झटकते. 'छे! आता कुठला आला आवाज!' आपणही चिवड्याची बशी पुढे करून विषय बदलतो. ह्या वर्षी बदलू नका. थोडा आग्रह करा. आवाज कापेल, मधली एखादी ओळ आठवणार नाही, वरचा सूर लागणार नाही. तरी म्हणू द्या. ती कुठल्या घरातल्या, कुठल्या सालातल्या झोपाळ्यावर बसून गाते आहे, ते तेवढ्यात कळेल. आणि ऐकता ऐकता आपण कुठवर आलो, तेही.